घरी लाटे, वरून बदाम, अन् मशीन नाही

पहिले हेच सांगून टाकतो, मशीन घेऊ नका. म्हणजे पैसे उतू चालले असतील तर घ्या बा, मी कोण अडवणारा, पण लाटे बनवायला मशीनच लागते या गैरसमजापायी माझ्या एका मित्राच्या ओट्यावर दिवाळीपासून एक चकचकीत डबा पडून आहे अन् आता त्याची आई त्यावर कोथिंबिरीची जुडी वाळत घालते. मी नागपूरच्या मनीष नगरातल्या दोन खोल्यांच्या किचनमध्ये साध्या गॅसवर हे सगळं, म्हणजे लाटे अन् तिच्यावर दुधाच्या फेसाचं बदामाचं डिझाइन (पत्त्यातलं बदाम, खायचं नाही), करून राहिलो, दीड वर्ष झालं, अन् आता दहातले सात कप तरी पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखे निघतात. उरलेले तीन मी स्वतः पितो.

लाटे हा शब्द इटालियन आहे अन् त्याचा अर्थ दूध. पूर्ण नाव काफे लाटे, म्हणजे सरळ दूध-कॉफी. इटलीत जाऊन नुसतं लाटे मागितलं तर ग्लासभर दूधच हातात येते. हे यासाठी सांगून राहिलो की कपात कॉफी असते 40-50 मिली अन् दूध 150 च्या आसपास, म्हणजे तीन हिस्से दूध, तरी आपण लोकं सगळं डोकं अन् सगळा पैसा कॉफीवर लावतो अन् दूध फ्रीजमधून जे हाती येईल ते. मीही तेच केलं, सुरुवातीचे दोन महिने वाया.

तरी कॉफीचं आधी उरकून घेऊ.

माझ्याजवळ 3 कपवाला मोका पॉट आहे. हे भांडं 1933 मध्ये इटलीत आल्फोन्सो बियालेत्तीनं बाजारात आणलं, खाली पाणी, मधात पावडर, वर कॉफी चढते. खालच्या भागात गरम पाणी त्या छोट्या व्हॉल्वच्या खालपर्यंत भरा, थंड पाणी भरलं तर ते तापेपर्यंत पावडर बिचारी भाजून निघते अन् कडू होते. चाळणीत पावडर सपाट भरा, दाबू नका, पंधराएक ग्रॅम बसते. गॅस एकदम बारीक. झाकण उघडं ठेवून पाहत राहा, मधासारखी धार येते, मग ती फिकट पडून गुरगुर आवाज सुरू झाला की उतरवा अन् बूड नळाखाली धरा म्हणजे तिथंच थांबते. बस. एक प्रॅक्टिकल प्रॉब्लेम असा की हे भांडं इतकं लहान असते की आपल्या गॅसच्या स्टँडवर उभं राहत नाही, तिरपं होऊन पडते, त्याला पापड भाजायची जाळी टाका, विषय संपला.

मोकात प्रेशर 1-2 बारचं, कॅफेतल्या मशीनमध्ये एस्प्रेसो, म्हणजे जोराच्या प्रेशरनं काढलेली घट्ट कॉफी, निघते तिथं 9 च्या आसपास. (घरगुती मशीनच्या डब्यावर 15 बार, 20 बार लिहून असते ते पंपाचं झालं, कॉफीला एवढं नकोच असते.) म्हणून मोकाच्या कॉफीवर तो सोनेरी जाड थर, क्रेमा म्हणतात तो, येत नाही, आला तरी मिनिटभरात गायब. डिझाइन थोडं फिकं उठते पण उठते. यावर एक जुगाड पुढं सांगतो.

मोका नसेल तर साउथवाल्यांचा स्टीलचा फिल्टर चालते. तीन चमचे पावडर, 80-100 मिली उकळतं पाणी, पंधरा-वीस मिनिटं ठिबकू द्या, घट्ट डिकॉक्शन तयार. खरं सांगायचं तर फिल्टर कॉफी ही लाटेची मावसबहीणच आहे, फक्त तिला डबरा म्हणतात त्या वाटीत वरखाली ओतून फेस आणतात अन् आपण भांड्यात आणतो. अन् तेही नसेल तर इन्स्टंट, दोन चमचे भरून, 40 मिली गरम पाण्यात. नाक मुरडू नका, शिकायच्या काळात इन्स्टंटच वापरा, स्वस्त पडते अन् उलट चमच्यानं जोरात फेटली तर वर तांबूस फेस येतो तो क्रेमासारखाच काम देते. हाच तो जुगाड, मोकाच्या कॉफीतही मी चिमूटभर इन्स्टंट टाकून फेटतो. कॉफीचे शौकीन मला मारतील पण बदाम मस्त उठून दिसते.

पावडर घ्यायची तर पाकिटावर भाजल्याची तारीख असलेली घ्या, महिन्या-दीड महिन्यात संपवा. बहुतेक माल चिकमंगळूर-कुर्गकडचाच असते. आपल्या विदर्भातही चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, फिरायला गेलेले अर्धे लोकं भीमकुंड पाहून, मक्याचं कणीस खाऊन परत येतात अन् त्यांना हे माहीतच नसते. तिकडं गेलात अन् पावडर दिसली तर छोटी पुडी घेऊन पाहा.

आता दूध. इथं जरा बसा.

आमच्या घरी दूध दोन येतात, सकाळी भैय्याकडचं म्हशीचं अन् एक पाकीट. म्हशीच्या दुधात फॅट 6-7 टक्के, चहाला राजा माणूस, साय ही एवढी जाड. मी पहिले तेच घेतलं कारण जाड दूध म्हणजे जाड फेस असं आपलं साधं गणित. नाही होत तसं. फेस धरून ठेवायचं काम दुधातल्या प्रोटीनचं असते, फॅट चव देते, गुळगुळीतपणा देते, पण जास्त झालं की फेसाचा जीव दाबते. शिकताना टोन्ड दूध घ्या, 3 टक्के फॅटवालं, किंवा गाईच्या दुधाचं पाकीट. दिनशॉ असो की अमूल, कंपनीचा फरक पडत नाही, पाकिटावर फॅट किती लिहिलं तेवढं वाचा. हात बसला की मग 4.5 टक्केवाल्या स्टँडर्ड दुधावर जा, चवीला तेच सगळ्यात भारी लागते. फुल क्रीम अन् म्हशीचं शेवटी.

दुसरी गोष्ट, अन् यावर घरात भांडण होणार हे धरून चाला. लाटेसाठी दूध उकळायचं नाही. पाकीटवालं दूध पाश्चराइज्ड असते, फ्रीजमध्ये नीट ठेवलेलं असेल अन् तारखेच्या आत असेल तर कापून सरळ वापरता येते. एकदा उकळलं की प्रोटीन बिघडते, साय धरते, अन् ते सायीचे बारीक तुकडे फेसात आले की सगळं दाणेदार होते, कितीही गाळा. पण मराठी घरात न उकळलेलं दूध म्हणजे पाप. आईनं पहिल्या दिवशी पाकीट कापताना पाहिलं अन् "कच्चं दूध पिऊन राहिला का बे?" म्हणून जे सुरू झालं ते बाबा ऑफिसातून येईपर्यंत. आता तोडगा असा आहे की माझं अर्ध्या लिटरचं पाकीट वेगळं, त्यावर मार्करनं फुली. भैय्याकडचं सुटं दूध मात्र उकळूनच घ्या, तिथं आईच बरोबर आहे.

अन् दूध ताजं पाहिजे, थंड पाहिजे. चार दिवस उघडं पडलेल्या पाकिटाचा फेस वर येतो अन् डोळ्यांसमोर खाली बसते, तुम्हाला वाटते आपलंच चुकलं. एप्रिल-मेमध्ये तर पाकीट दुकानातून घरी येईपर्यंतच कोमट होते, दुपारी बारानंतर आणूच नका. नेहमीचं दूध दगा देत असेल तर टेट्रा पॅकचं एकदा करून पाहा, त्याचा फेस बराच टिकाऊ निघते, चव थोडी शिजल्यासारखी लागते तेवढं सोडा.

तापमान. 60 ते 65 डिग्री, त्याच्यावर नाही. इतक्यात दूध सगळ्यात गोड लागते, साखर न टाकताही, 70 च्या वर गेलं की तो उकळल्याचा वास येतो अन् फेस कोरडा पडते. थर्मामीटर असेल तर उत्तम. नसेल तर पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले, वाफ सुटली, अन् बाहेरून तळहात लावला तर एक-दोन सेकंद टिकून ओढून घ्यावाच लागला, म्हणजे झालं. आपल्या लोकांना ही लाटे कोमट वाटते. आमच्या काकू तर दोन घोट घेऊन "जरा गरम करून आण ना" म्हणाल्या. त्यांना चहाच द्या, डोकं नका लावू.

आता फेस काढायचा. माझी पद्धत फ्रेंच प्रेसची, म्हणजे दांड्याला जाळी असलेलं कॉफी गाळायचं भांडं. 350 मिलीचा काचेचा प्रेस, त्यात आधी गरम पाणी फिरवून फेकून द्या (डिसेंबरात हे विसरलात तर दूध तिथंच थंड), मग 150 मिली गरम दूध, अर्ध्याच्या वर भरू नका कारण ते फुगते अन् ओट्यावर येते. दांडा वरपर्यंत ओढून पाच-सहा वेळा लांब-लांब मारा, यातून हवा आत जाते. मग जाळी दुधाच्या खालीच ठेवून बारीक-बारीक, फास्ट, पंधरा-वीस सेकंद. हा दुसरा भागच खरा, यातच मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. लोकं पहिला भागच मिनिटभर करत बसतात अन् मग दाढीच्या फोमसारखा ढीग येतो, तो चमच्यानं कापून कॅपुचिनोवर ठेवायला ठीक आहे, ओतायच्या कामाचा नाही. लाटेसाठी दूध साधारण पावपट फुगलं पाहिजे, दुप्पट नाही.

प्रेस नसेल तर सेलवर चालणारा, फेस काढायचा छोटा फ्रॉदर मिळते, तो पहिले आठ-दहा सेकंद वरवर धरा मग बुडाशी. आमच्या आजीच्या ताकाच्या रवीनंही करून पाहिलं, उंच डब्यात, फेस येतो बरं का, पण बुडबुडे मोठे राहतात अन् हात भरून येते. अन् ज्यांच्याकडे मशीन आहेच त्यांनी वाफेची नळी जेमतेम पृष्ठभागाच्या खाली धरायची, कागद फाटल्यासारखा च्स्स च्स्स आवाज तीन-चार सेकंद, दूध हाताला कोमट लागलं की नळी थोडी खाली अन् भांडं तिरपं करून भोवरा फिरवायचा. सुरू करायच्या आधी नळीतलं पाणी सोडून द्या अन् झाल्यावर लगेच ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर दूध वाळून चिकटते.

फेस झाला की लगेच चोचवाल्या स्टीलच्या भांड्यात घ्या. टोकदार चोचीचं 350 मिलीचं पिचर ऑनलाइन मिळते, मी इतवारीत भांड्यांच्या दुकानात अर्धा तास घालवून एक चोचवालं मगट आणलं, तेच अजून चालून राहिलं. भांडं ओट्यावर दोनदा ठक ठक आपटा, वरचे मोठे बुडबुडे फुटतात, अन् मग गोल-गोल फिरवत राहा. थांबू नका. थांबलात की तीस सेकंदात फेस वर अन् दूध खाली, फारकत होते. दूध कसं दिसलं पाहिजे तर नुकत्याच मारलेल्या ऑइल पेंटसारखं, चमकदार, एकही बुडबुडा डोळ्याला दिसत नाही असं. माझे पहिले दोन महिने याच्याशिवायच गेले अन् मी समजून राहिलो की माझा हात वाईट आहे. हात नाही, दूधच नव्हतं तयार.

कप रुंद तोंडाचा अन् गोल बुडाचा पाहिजे, 180-200 मिली. उभा मग किंवा काचेचा ग्लास घेतला तर डिझाइनला जागाच राहत नाही. आमच्या शोकेसमधली पाहुण्यांसाठीची कप-बशी यासाठी एकदम फिट निघाली, फक्त ती काढायला परवानगी लागते.

ओतायचं असं. कॉफी कपात, कप स्वतःकडे तिरपा, जवळपास सांडेल इतका. भांडं तीन-चार इंच वर धरून बारीक धार मधात सोडा. उंचावरून पडलेलं दूध कॉफीच्या खाली जाते, वर सगळं तांबूसच राहते, इथं पांढरं दिसलं तर चुकलं, जरा वर घ्या. कप अर्ध्याच्या थोडा वर भरला की आता चोच एकदम खाली आणा, कॉफीला टेकेल इतकी, अन् धार मोठी करा. इथंच सगळ्यांची फाटते, जवळ न्यायला भीती वाटते. न्या. जवळ नेलं की फेस तरंगते अन् पांढरा गोल फुलायला लागते, तेवढ्यात हळूहळू कप सरळ करत चला. हात हलवू नका, एकाच जागी ओता. कप भरत आला की चोच दोनेक इंच वर उचलून धार बारीक करा अन् त्या गोलाच्या मधातून समोर पलीकडे रेघ मारल्यासारखी न्या. वरचा भाग आत ओढला जाते, खाली टोक येते, झालं बदाम.

पहिल्या दिवशी होणार नाही. माझं पहिलं बदाम कांद्यासारखं, दुसरं वांग्यासारखं, तिसऱ्याला ताईनं संत्रं म्हटलं, ते मी कॉम्प्लिमेंट म्हणून घेतलं. काय चुकलं ते कपातच लिहून असते. पांढरं उठलंच नाही तर एकतर दूध पातळ राहिलं किंवा तुम्ही उंचावरूनच ओतत राहिले. सगळं पांढरं एकदम धबकन पडलं तर फेस जाड झाला, किंवा भांडं फिरवणं सोडून फोटो काढत बसले. गोल झाला पण एका बाजूला सरकला तर कप सरळ करायला उशीर.

बदाम दहापैकी पाचदा जमलं की ट्युलिप करा, म्हणजे एक गोल, थांबा, त्याच्या मागून दुसरा ढकला, थांबा, तिसरा, मग मधातून रेघ. पान काढायचं तर धार चालू ठेवून मनगट डावी-उजवीकडे बारीक हलवत मागं-मागं यायचं. सिएटलमध्ये डेव्हिड शोमर म्हणून जो माणूस आहे, ज्यानं हे डिझाइनचं वेड अमेरिकेत पसरवलं, त्याच्या कॅफेत बदाम 1989 पर्यंत बसलं होतं अन् पान 1992 मध्ये आलं. तीन वर्षं, अन् त्याच्याकडे मशीन होतं. तर तुमचं पान पंधरा दिवसांत नाही आलं तर स्टेटसवर रडू नका.

दूध वाया जाते म्हणून घरचे बोलतात त्यावर उपाय. प्रेसमध्ये 150 मिली पाणी घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, एकच, अन् तसंच फेटा. बऱ्यापैकी दुधासारखा फेस येतो, अन् कपात कॉफीऐवजी कोको घोळलेलं पाणी. एका संध्याकाळी वीसदा ओता, फुकट. फक्त तो कप ओट्यावर सोडून फोन घ्यायला जाऊ नका. मी गेलो, अन् बाबांनी "आज बरी जमली दिसते" म्हणत घोट घेतला. त्यांचा चेहरा मी इथं वर्णन करत नाही. झाल्यावर सगळी भांडी नीट धुवा.

ओतायचं जमतच नसेल अन् संध्याकाळी पाहुणे येणार असतील तर शॉर्टकट आहेत. वर फेसाचा सपाट थर घ्या, त्यावर चॉकलेट सिरपचे दोन-तीन गोल काढा अन् टूथपिकनं मधातून बाहेर रेघा ओढा, कोळ्याचं जाळं तयार, लहान पोरं यावर खुश. किंवा स्टेन्सिल, लग्नाच्या जुन्या पत्रिकेचा जाड कागद घ्या, घरात ढीग असते, त्यात चांदणी-बिंदणी कापा, कपाच्या वर अर्धा इंच धरून चहाच्या गाळणीतून कोको भुरभुरा. मी गणपतीत बाप्पाचं कापलं होतं, आई म्हणाली "देव प्यायचा असते का रे?" तर ते कॅन्सल.

संत्र्याचं सगळे विचारतात, नागपूरचे आहो म्हणून. लाटेत संत्र्याचा रस टाकू नका, आंबटपणानं दूध फाटते, मी टाकून पाहिला अन् कपात चक्क पनीर बनलं. साल वापरा. फक्त वरची केशरी साल किसायची, पांढरा भाग कडू लागते तो नको, ती साखरेच्या गरम पाकात दहा मिनिटं ठेवून गाळा. कपाच्या तळाशी एक चमचा पाक, वर कॉफी, वर दूध. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे येते अन् मृगाची फेब्रुवारीनंतर, त्या दिवसांत साल ताजी, वास घरभर.

अन् नवतप्यात हे सगळं बंद. 45 डिग्रीत गॅससमोर उभं राहून फेस काढायची कोणाची हिंमत नाही. तेव्हा मोकाची कॉफी सकाळीच काढून फ्रीजमध्ये, दुपारी उंच ग्लासात बर्फ, साखर विरघळवलेलं थंड दूध, अन् वरून चमच्याच्या पाठीवरून हळू कॉफी सोडा. साखरेचं दूध जड असते म्हणून कॉफी वर तरंगते अन् दोन रंगांचे थर दिसतात, कुठलीही कला न शिकता.

एक राहिलं, प्रेसची जाळी. ती स्क्रू उघडून रोजच्या रोज धुवा, सगळे पत्रे वेगळे करून. दोन जाळ्यांच्या मधात दूध अडकते अन् नागपूरच्या उन्हाळ्यात ते संध्याकाळपर्यंत असा वास मारते की दुसऱ्या दिवशीची लाटे ओतायच्या आधीच आई किचनमधून विचारते, काय मेलं म्हणून.